मठ्ठ कुणाला म्हणता?

"ह्या पोरीच्या डोक्यात काय शिरत न्हाय. तुमच्या लोकांचं हे असंच."

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय. कडेगावात. मास्तरचं नाव सांगत नाही. तो एकटा असता तर सांगितलं असतं. पण तो प्रत्येक शाळेत आहे, प्रत्येक स्टाफरूममध्ये आहे, गुणवत्तेच्या नावानं गळा काढणाऱ्या प्रत्येक अग्रलेखात आहे. त्याला उत्तर द्यायचं म्हणून हे लिहितोय. आणि उत्तर देता देता आपल्यालाही चार शिव्या हासडणार आहे, मित्रांनो. तयारीनं वाचा.

2011 सालची थंडी. आमच्या शिवारात टेंभूच्या कालव्याचं काम चाललेलं. त्या कामावर भंडाऱ्याकडून एक जोडपं आलं होतं. तो पोकलेनवर हेल्पर, ती पाटी उचलायला. आमचेच, बौद्ध. जात विचारून खोली देणाऱ्या गावात त्यांना खोली कुठं मिळणार? आमच्या वस्तीत मिळाली, आमच्या भिंतीला भिंत लागून. आई तिला लेकीसारखं वागवायची, मी वहिनी म्हणायचो. "काहून" म्हणजे "का" हे कळायला आम्हाला आठ दिवस लागले. आमची पोरं त्यांच्या बोलीला हसायची, ते आमच्या "व्हय-न्हाय"ला हसायचे. पण जयभीम एकच होता.

त्यांची पोरगी आठ वर्षांची. तिसरीत घातली. डोळे कायम पिवळसर. थंडी पडली की हातपाय आवळून रडायची, हाडं दुखतात म्हणायची. आमच्या आयाबाया म्हणाल्या, "कावीळ हाय, उतरवून आणा." उतरवून आणली. डॉक्टरनं रक्तवाढीचं टॉनिक दिलं. पिवळी ती पिवळीच. शाळेत काल पाठ केलेलं आज विसरायची. फळ्यावरचं उतरवताना मधलीच ओळ गाळायची. बसल्या बसल्या हरवून जायची. वहिनीसोबत मी शाळेत गेलो तेव्हा मास्तरनं ते वाक्य तोंडावर फेकलं. मी भांडलो. पण खरं सांगतो, घरी येताना माझ्याही मनात आलं, असंल बाबा पोरगी मठ्ठ. ही कबुली आधी देतो, मग बाकीच्यांना धरतो.

जानेवारीतल्या एका पहाटे वहिनीची किंकाळी ऐकू आली. पोरीचं तोंड वाकडं झालेलं, उजवा हात लोंबत होता, तोंडातून शब्द फुटेना. एक म्हातारी म्हणाली, वारं गेलं. दुसरी म्हणाली, बाहेरचं हाय. तेल चोळण्यात अर्धा दिवस गेला. मग जीप करून मोठ्या दवाखान्यात नेली. तिथला डॉक्टर म्हणाला, "एवढ्या लहान पोराला लकवा कसा होईल? फिट आली असेल. ठेवा, बघू." वहिनी कोपऱ्यात उभी होती. दबकत बोलली,

"साहेब, आमच्या तिकडं सिकल म्हन्तात जी. माह्या भावाले होता. मेला तो."

डॉक्टरनं मान वर केली. "तुम्ही आदिवासी का?"

"नाही जी. बौद्ध."

"मग नसणार. तो आदिवासींचा रोग आहे."

झालं! रक्त तपासायच्या आधी जात तपासली. त्या एका प्रश्नात दोन दिवस गेले. मेंदूत एकेक मिनिट मोलाचं असतं तिथं दोन दिवस. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या शहरात नेली. तिथं एक तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी वहिनीचं सगळं ऐकून घेतलं, बोटातला थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मलाही बघू दिलं. गोल गोल पेशींच्या गर्दीत वाकडे, टोकदार, विळ्यासारखे तुकडे. पुढच्या तपासणीत पक्कं झालं, एसएस. मेंदूचा फोटो काढला. ताजा घाव दिसलाच. पण बाईंनी फोटोवर बोट ठेवलं. "हे बारके बारके डाग बघा. हे आत्ताचे नाहीत, जुने आहेत. शाळेत कशी आहे ही?"

वहिनी म्हणाली, "मास्तर मठ्ठ म्हन्ते."

बाई काही बोलल्या नाहीत. मला मात्र त्या दिवशी जमिनीनं गिळलं असतं तर बरं झालं असतं.

आता ते डाग म्हणजे काय ते नीट समजून घ्या. भाषणात टाळ्या घेण्यापुरतं नको, पक्कं समजून घ्या.

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असतं. ते प्राणवायू वाहून नेतं. सिकलसेलमध्ये त्याच्या साखळीतला एकच दुवा बदललेला असतो, बीटा साखळीतला सहावा. बस, एक दुवा. प्राणवायू सोडला की हे हिमोग्लोबिन एकमेकाला चिकटतं, त्याच्या काड्या होतात, पेशी ताठरते, विळ्यासारखी वाकते. चांगली पेशी 120 दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी, म्हणून डोळे पिवळे. कावीळ उतरवणाऱ्याच्या बापाला ते उतरणार नाही.

फुटलेल्या पेशीतून सांडलेलं हिमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणारा वायू खाऊन टाकतं. वाहिन्या आवळतात. ताठर पेशी वाहिनीच्या आतल्या अस्तराला चिकटतात, अस्तर सोलवटतं, पांढऱ्या पेशी आणि चिकट्या पेशी तिथं जमा होतात, रक्त गोठवणारी सारी यंत्रणा चेकाळते. मेंदूच्या मोठ्या धमन्या आतून जाड होत अरुंद होतात. आणि बारक्या वाहिन्यांत गुठळ्या अडकतात.

कडेगावच्या माणसाला हे सांगायला कालवा पुरे. आपल्याकडं हेडवाला पोटभर पाणी पितो आणि टेलवाला बोंबलतो. मेंदूतही टेल आहे. दोन मोठ्या धमन्यांच्या शेवटच्या फाट्यांच्या मधलं जे शिवार, आतला पांढरा भाग, तिथं रक्त सगळ्यात शेवटी पोचतं. सिकलच्या पोरात रक्त मुळातच पातळ, म्हणून मेंदू आधीच जास्तीत जास्त आवर्तन ओढत असतो, शिल्लक काही नसतं. मग ताप आला, थंडी वाजली, पाणी कमी प्यायलं, छातीत कफ झाला की टेल कोरडं पडतं. तेवढा तुकडा जळून जातो. पोरगं पडत नाही, तोंड वाकडं होत नाही, कुणाला कळत नाही. म्हणून डॉक्टर त्याला मूक झटका म्हणतात. अमेरिकेतल्या पाहण्यांत सिकलसेलच्या मुलांपैकी सुमारे चौथाई मुलांच्या मेंदूत सहाव्या वर्षाच्या आत असे डाग सापडले. या डागांनी लक्ष लागत नाही, आठवण टिकत नाही, गणित सुटत नाही. आणि ज्याला मूक झटका आला त्याला पुढं मोठा झटका येण्याचा धोका वाढतो.

म्हणजे पोरगी मठ्ठ नव्हती. तिच्या डोक्यात आग लागलेली होती आणि मास्तर धूर बघून तिला शिव्या देत होता.

मूक झटका! नाव तरी बघा. मूक कोण? आपण 1920 सालापासून मूकनायक वाचतोय. पोराचा मेंदू बोलतच होता, वहीत गाळलेली प्रत्येक ओळ बोलत होती. ऐकणारे बहिरे होते.

आता कुणीतरी सभ्य माणूस उठेल आणि म्हणेल, हे नवीनच दिसतंय, आम्हाला माहीत नव्हतं. नवीन? 1910 साली शिकागोत हेरिक या डॉक्टरनं ग्रेनाडातून आलेल्या काळ्या विद्यार्थ्याच्या रक्तातले विळे छापून प्रसिद्ध केले. भारतात 1952 साली निलगिरीच्या आदिवासींत ते सापडले. 1956 च्या ऑक्टोबरात इंग्रॅमनं दाखवलं की सारा फरक हिमोग्लोबिनच्या एका तुकड्यात आहे. त्याच ऑक्टोबरात, 14 तारखेला, नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला माणूस केलं. आणि 1958 साली त्याच नागपूरहून शुक्ला आणि सोलंकी यांचं टिपण लंडनच्या लॅन्सेटमध्ये छापून आलं, मध्य भारतात सिकल आहे म्हणून. विदर्भातल्या बौद्धांत, गोंड-माडियांत, इकडं सातपुड्यातल्या भिल्ल-पावऱ्यांत हे रक्त आहे हे त्यानंतर कितीदा तरी मोजून झालं. लंडनला कळलं. कडेगावच्या वाटेवरच्या डॉक्टरला 2011 सालीही कळलं नव्हतं. त्याच्या पुस्तकात सिकल फक्त जंगलात राहत होता. माणसं पोटासाठी हजार किलोमीटर चालत येतात, त्यांच्याबरोबर त्यांचं रक्तही येतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

वर आणखी एक लाडका शब्द होता, "सौम्य". भारतातला सिकल सौम्य, कारण इथल्या रोग्यांत गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं. काही जमातींत ते खरं आहे, मोठे झटकेही आफ्रिकी वंशाच्या मुलांपेक्षा इथं कमी दिसतात. पण नागपूरच्या सरकारी दवाखान्यांतल्या बालरोगतज्ज्ञांनी दाखवून दिलं की विदर्भातल्या पोरांना तो चांगलाच फाडून खातो. सौम्य कुणाला? ज्याचं पोरगं नाही त्याला.

आता आपल्याकडं वळू.

1971 साली अमेरिकेत ब्लॅक पँथरनं सिकलसेलविरुद्ध मोहीम उघडली. बंदुकीचे फोटो आपण भिंतीवर लावले, पण त्यांच्या मोफत दवाखान्यांचे फोटो कुणी लावले? तिथं वस्तीवस्तीत पोरांच्या बोटातला थेंब घेऊन तपासणी चालायची. ते म्हणत होते, हा रोग गोऱ्यांना असता तर एवढं दुर्लक्ष झालं असतं का? त्या आरड्याओरड्याचा परिणाम असा की 1972 साली निक्सनसारख्या माणसालाही सिकलसेलच्या कायद्यावर सही करावी लागली. आणि त्याच 1972 साली मुंबईत दलित पँथर जन्मली. नाव त्यांचंच घेतलं. राजा ढाले तर आमच्याच सांगली जिल्ह्यातल्या नांद्र्याचे. 1973 च्या जाहीरनाम्यात मोफत औषधोपचाराची मागणी लिहिली गेली. पण दोस्तहो, आपण त्यांच्याकडून नाव घेतलं, मूठ घेतली, आवेश घेतला. रक्ताचा थेंब घेतला नाही. तोही आपल्याच अंगातला.

त्याच जाहीरनाम्यानं दलित शब्दात आदिवासी घेतला, भूमिहीन घेतला, स्त्री घेतली. मग पन्नास वर्षं आपण भांडतोय की दलित कोण, बौद्ध कोण, मार्क्सवादी कोण. अरे, गडचिरोलीच्या गोंडाच्या रक्तात, नंदुरबारच्या भिल्लाच्या रक्तात आणि भंडाऱ्याच्या बौद्धाच्या रक्तात तोच विळा आहे! ती व्याख्या सूक्ष्मदर्शकाखाली खरी ठरलीय. कॉम्रेडांना झेंड्यावरचा विळा दिसला, रक्तातला नाही दिसला. आपल्याला निळा झेंडा दिसला, त्याच्याखालचं पिवळं पोरगं नाही दिसलं.

14 एप्रिलला रात्रभर डीजे. आमच्याकडंही वाजतो, मीही नाचलोय. सकाळी रक्तदान शिबिर, पुढाऱ्याचा फोटो, बिस्किटाचा पुडा. रक्त देतो, चांगलं करतो. पण त्याच मांडवात दुसऱ्या टेबलावर पोरांचं रक्त तपासायला काय लागतं? विरघळण्याची साधी चाचणी काही रुपयांत होते, संशय आला तर पुढची पक्की तपासणी. एका डीजेच्या बिलात अख्ख्या वस्तीची चाचणी होईल. होत नाही, कारण तिच्या दणक्यानं खिडक्या हादरत नाहीत.

आपले काही शहाणे मला म्हणतात, "हे छापू नकोस. सवर्ण म्हणतील, बघा, ह्यांच्या रक्तातच खोट, डोक्यातच खोट." ह्या भीतीला उत्तर दिलंच पाहिजे, कारण ही भीती खोटी नाही. 1949 साली ज्या पॉलिंगनं हा रेणूचा रोग आहे हे सिद्ध केलं, त्याच थोर पॉलिंगनं 1968 साली लिहिलं की हा दोष वाहणाऱ्या तरुणांच्या कपाळावर गोंदवून खूण करावी. कपाळावर! गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधणाऱ्या पेशव्यांना हे ऐकून केवढा आनंद झाला असता. अमेरिकेत नुसत्या वाहकांच्या नोकऱ्या गेल्या, विमे नाकारले गेले. तिथल्या हवाई दलाच्या अकादमीनं 1981 पर्यंत वाहकांना दार बंद ठेवलं. वाहक म्हणजे रोगी नव्हे, ज्याला एकच बदललेलं जनुक आहे आणि जो जवळजवळ सगळ्यांसारखाच धडधाकट जगतो तो. तरी ही गत.

पण म्हणून लपवायचं? हा दोष कुठून आला ते सांगा ना छाती ठोकून. मलेरियातून. 1954 साली ॲलिसननं दाखवलं की ज्याच्यात एक बदललेलं जनुक आहे ते पोरगं मलेरियात तगतं. जंगलात, दलदलीत, डासांत जे शतकानुशतकं राबले त्यांच्या रक्तानं जगण्यासाठी शोधलेली ही युक्ती आहे. आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसमध्येही आहे. ग्रीक माणसाला कुणी हलक्या रक्ताचा म्हणतं? आणि इथं सिंधी, पंजाबी, लोहाणा समाजांत थॅलॅसेमिया आहे, तोही हिमोग्लोबिनचाच रोग. त्यांच्या संस्था आहेत, शिबिरं आहेत, देणग्या आहेत. त्यांच्या पोरांना कुणी मठ्ठ म्हणत नाही. मग आमचाच रोग जातीचा कसा झाला?

जनुक मलेरियानं दिलं. ते एकाच कुंपणात कोंडून ठेवलं जातीनं. 1916 साली कोलंबियात बाबासाहेबांनी सांगितलं की जातीचं मर्म म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. वाहक वाहकाशीच लग्न करत राहतो, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळंतपणात चारात एक पोर एसएस जन्माला येण्याचा धोका असतो. आपण भाषणात तो निबंध सांगतो आणि घरी पोटजात बघून सोयरीक जुळवतो. थू आपल्या तोंडावर!

पण यातून कुणी पळवाटही काढू नये. 1 जुलै 2023 रोजी शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं. 2047 पर्यंत निर्मूलन, तीन वर्षांत 7 कोटी तपासण्या असं लक्ष्य जाहीर झालं. तपासणीला माझा विरोध नाही, मी तेच मागतोय. पण मिशनची सारी बोली आदिवासी भागाची. वहिनीला विचारलेला प्रश्न पुन्हा सरकारी कागदावर विचारायचा का? आणि निर्मूलन कशाचं, रोगाचं की रोग्यांचं? नुसती कार्डं वाटून लग्नं मोडायची असतील तर ती नवी कुंडली झाली. आणि लग्न मोडतं तेव्हा मोडते पोरगीच. जे जन्मलेत त्यांचं काय?

त्यांच्यासाठी उपाय आहे. हे माझ्या या सगळ्या रागाचं मूळ आहे. उपाय नसता तर रडलो असतो. उपाय आहे म्हणून चिडलोय.

कानशिलावर एक साधं यंत्र लावून मेंदूतल्या धमनीतल्या रक्ताचा वेग मोजता येतो. डॉपलर. सुई नाही, भूल नाही. अरुंद नळीत पाणी जोरात पळतं, तसंच हे. वेग सेकंदाला 200 सेंटिमीटर किंवा जास्त निघाला की पोरगं धोक्यात. 1998 साली अमेरिकेतल्या चाचणीनं दाखवलं की अशा मुलांना नियमित रक्त चढवलं तर पहिल्या झटक्याचा धोका नव्वद टक्क्यांहून जास्त घटतो. 2005 साली कळलं की रक्त बंद केलं तर धोका परत येतो. 2014 साली कळलं की मूक झटक्यांनाही रक्तानं आळा बसतो. 2016 साली कळलं की काही काळ रक्त दिल्यावर, धमन्या फार बिघडलेल्या नसतील तर हायड्रॉक्सियुरिया या गोळीवर आणता येतं. त्याच गोळीचा कमी डोस वेदनांचे झटके कमी करतो हे आपल्या नागपुरात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. वापरून जुनी झालेली गोळी आहे. डॉक्टरच्या देखरेखीखाली, रक्त तपासत द्यायची. तिकडं डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेनं जनुकातच फेरफार करणाऱ्या उपचाराला परवानगी दिली. किंमत 22 लाख डॉलर. तो उपचार त्यांना लखलाभ. आम्ही गोळी मागतोय आणि वर्षातून एकदा डॉपलर मागतोय.

म्हणून मागण्या सरळ आहेत. बाळ जन्मलं की रक्त तपासा, जात न विचारता. दोन ते सोळा वर्षांच्या प्रत्येक एसएस पोराचा दरवर्षी डॉपलर करा, आणि तो जिल्ह्याच्या दवाखान्यात करा. गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवा, विदर्भात आणि विदर्भाबाहेरही, जिथं जिथं विदर्भाचा मजूर राबतो तिथं. मास्तर लोकांना शिकवा की पिवळे डोळे आणि गाळलेली ओळ एकत्र दिसली तर छडी उचलायची नसते, चिठ्ठी देऊन दवाखान्यात पाठवायचं असतं. 2016 च्या अपंगांच्या कायद्यानं सिकलसेलला अपंगत्व मानलं, पण नोकरीतल्या चार टक्क्यांच्या यादीत रक्ताचे रोग घेतलेच नाहीत. कागदावर अपंग, नोकरीला धडधाकट. ती यादी बदला.

आणि तुम्ही. मुंबई-पुण्यातल्या होस्टेलवर हे वाचणारे. विद्रोहावर रात्रभर बोलणारे. येत्या जयंतीला मांडवात एक टेबल टाका. सरकारी दवाखान्याशी बोला, तपासनीस आणा, निकाल ज्याचा त्याच्या हातात द्या, चावडीवर वाचू नका. तुमच्या गावच्या वीटभट्टीवर, फडात, कालव्यावर कुठलं पिवळं पोरगं आहे ते बघा.

पोरीचं काय झालं? ते भंडाऱ्याला परत गेले. जायच्या आधी तिला रक्त लागलं तेव्हा आमच्या वस्तीतली पोरं ओळीनं उभी राहिली होती, एवढं एक बरं केलं आम्ही. महिन्याच्या महिन्याला रक्त घेत ती जगली. उजवा हात गेला तो परत आला नाही. काही वर्षांनी वहिनीनं माझ्या आईला पत्र पाठवलं. खाली दोन ओळी पोरीच्या होत्या, वाकड्यातिकड्या, मोठ्या अक्षरात. डाव्या हातानं लिहायला शिकली होती.

एकही ओळ गाळली नव्हती.

बोला आता, मठ्ठ कुणाला म्हणता?

जयभीम.